टाकलेल्या पानांचा न्याय कसा करावा?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या पोकर स्पर्धांच्या फायनल टेबलावर, म्हणजे शेवटी उरलेल्या मोजक्या खेळाडूंच्या टेबलावर, एखाद्या खेळाडूने दडपणाखाली सरस पाने टाकून दिली, म्हणजे पोकरच्या भाषेत 'फोल्ड' केले, की दुसऱ्या दिवशी त्याच्याविषयी जे लिहिले आणि बोलले जाते त्याबद्दल हे पत्र आहे. 'घाबरला', 'हातचा डाव घालवला', 'समोरचा ब्लफ करतोय (पाने हलकी असताना मोठी रक्कम लावून फसवतोय) एवढेही कळले नाही' असे शेरे मारताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो, ती म्हणजे आपल्याला दोघांचीही पाने दिसत होती आणि त्याला फक्त स्वतःची. मी अनेक वर्षे हा खेळ आवडीने पाहत आले आहे आणि बराच काळ मीही असेच शेरे मारत होते, त्यामुळे ही तक्रार करताना मी स्वतःला वगळत नाही. माझे म्हणणे असे आहे की एखादा फोल्ड शंकास्पद होता की नाही हे प्रतिस्पर्ध्याची पाने पाहून ठरवता येत नाही. ते त्या क्षणी खेळाडूला जेवढे दिसत होते आणि त्याच्यापुढे जेवढी बक्षिसे शिल्लक होती, तेवढ्यावरूनच ठरवायला हवे.

ही सवय आपल्याला लागली कशी, हे आधी सांगते. पूर्वी पोकर टीव्हीवर दाखवले तरी प्रेक्षकाला काहीच समजत नसे, कारण फोल्ड केलेली पाने कुणालाही न दाखवता गड्डीत परत जातात. हेन्री ओरेनस्टीन यांना १९९५ साली टेबलातूनच खेळाडूंची झाकलेली पाने टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे पेटंट मिळाले, १९९९ साली ब्रिटनच्या चॅनल फोरवर 'लेट नाइट पोकर' या कार्यक्रमात काचेखालून पाने दाखवली जाऊ लागली, आणि २००३ साली वर्ल्ड पोकर टूर व वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या दोन्ही स्पर्धा याच पद्धतीने घराघरांत पोचल्या. पडद्याच्या कोपऱ्यात दोघांची पाने आणि त्यांच्यापुढे जिंकण्याची टक्केवारी, अशी मांडणी तेव्हापासून रूढ झाली. या कॅमेऱ्याचे उपकार मोठे आहेत, कारण त्याच्यामुळेच ब्लफ नावाची कला सामान्य माणसाला दिसली. पण ती टक्केवारी दोन्ही हात ठाऊक असलेल्याची टक्केवारी असते. टेबलावर बसलेल्या एकाही माणसाला ती उपलब्ध नसते, आणि तरीही आपण त्याच आकड्याने त्याला मोजतो.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटमधले, म्हणजे मुख्य स्पर्धेतले आहे. लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये ८३९ स्पर्धकांपैकी दोनच उरले होते: टेनेसी राज्यातला हौशी खेळाडू, पेशाने अकाउंटंट असलेला ख्रिस मनीमेकर, आणि मुरलेला व्यावसायिक सॅम फरहा. पहिले बक्षीस २५ लाख डॉलर, दुसरे १३ लाख. या खेळात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, पाच पाने टेबलावर सगळ्यांसाठी उघडी पडतात आणि या सातांतून पाचांचा सर्वोत्तम हात धरला जातो. त्या डावात फरहांच्या हातात इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी होती. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. टेबलावर आधी इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री आणि इस्पिकची छक्की आली, चौथे पान इस्पिकची अठ्ठी पडले. फरहांनी बेट केली (रक्कम लावली), मनीमेकरने रेझ केले (ती वाढवली), फरहांनी कॉल केला (तेवढीच रक्कम भरली). पाचवे पान बदामची तिर्री, म्हणजे कुणाच्याच उपयोगाचे नाही. फरहांनी चेक केले (काही न लावता पाळी पुढे दिली) आणि मनीमेकरने सगळे चिप्स पुढे सारले. त्याच्याकडे ना फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) होता, ना सीक्वेन्स (ओळीने पाच पाने), साधी जोडीसुद्धा नव्हती. फरहांकडे नव्व्यांची जोडी होती, आणि टेबलावरच्या कोणत्याही एका पानाशी जुळणारी त्याहून मोठी जोडी असूच शकत नव्हती. 'तुझा फ्लश चुकला असणार' अशा अर्थाचे काहीतरी ते बोलले, थोडा वेळ विचार केला आणि पाने टाकली. मनीमेकर पुढे ती स्पर्धा जिंकला आणि हा ब्लफ पोकरच्या इतिहासात जाऊन बसला.

आता मनीमेकरची पाने झाकून हाच डाव पाहावा. टेबलावर तीन इस्पिक आहेत, त्यामुळे दोन इस्पिक असलेल्या कुणाचाही फ्लश आधीच झालेला आहे. नव्वी, अठ्ठी, छक्की पडलेली असल्याने दश्शी-सत्ती किंवा सत्ती-पंजी असलेल्याचा सीक्वेन्स लागलेला आहे. समोरच्याने चौथ्या पानावर रेझ केले आहे आणि शेवटी सर्वस्व पणाला लावले आहे. अशा वेळी एकच जोडी हातात असणाऱ्याने पाने टाकणे हे कोणत्याही अर्थाने भेकडपणाचे नाही. पण एक वेगळा मुद्दा आहे, आणि तो मला कुठे फारसा मांडलेला दिसला नाही. दोनच खेळाडू उरलेले असताना दुसरे बक्षीस दोघांचेही निश्चित झालेले असते. खेळ फक्त मधल्या फरकासाठी चालतो आणि प्रत्येक चिपची किंमत सारखीच असते. बक्षिसाची पुढची पायरी गाठण्यासाठी सावध राहण्याचे जे कारण तीन, चार किंवा नऊ जण असताना असते, ते इथे लागू होत नाही. म्हणजे फरहांच्या फोल्डचा बचाव करायचा तर तो निव्वळ पानांच्या आणि माणसाच्या अंदाजावरच करावा लागतो. पॉटमध्ये (त्या डावात सगळ्यांनी मिळून लावलेल्या रकमेत) जेवढे चिप्स आहेत तेवढेच समोरच्याने लावले, तर कॉल करणारा तीनांत एकदा बरोबर ठरला तरी त्याचे नुकसान होत नाही, हा साधा हिशेब त्यांना आपल्याहून अधिक ठाऊक होता. शिवाय इस्पिकची राणी स्वतःच्याच हातात असल्याने समोर तयार फ्लश असण्याच्या शक्यता काही अंशी कमी झालेल्या होत्या. तरीही त्यांनी पाने टाकली. मला या फोल्डमध्ये खटकते ते एवढेच, की त्यांच्या तोंडून बाहेर पडलेला अंदाज अचूक होता आणि हाताने त्या अंदाजाविरुद्ध निर्णय घेतला. दडपण म्हणतात ते नेमके इथे दिसते. समोरच्याकडे राजा-सत्ती होती, हे मात्र या आक्षेपात कुठेच येत नाही आणि येऊही नये.

या निष्कर्षापर्यंत मी एका घरगुती प्रयोगातून आले. माझ्या भाच्याने एकदा पडद्याच्या ज्या कोपऱ्यात पानांची चित्रे येतात तिथे पुठ्ठ्याचा तुकडा चिकटपट्टीने लावला आणि म्हणाला, "मावशी, आता सांग, कॉल का फोल्ड?" ज्या खेळाडूच्या बाजूने विचार करायचा त्याची दोन पाने तो आधी पाहून मला सांगायचा, बाकी सारे पुठ्ठ्याआड. वहीत मी माझा निर्णय आणि त्याचे कारण लिहायचे आणि मगच पुठ्ठा काढायचा, असा नियम ठरला. पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आले की निर्णय लिहिण्यापेक्षा कारण लिहिणे किती तरी अवघड आहे. 'वाटते म्हणून' असे दोनदा लिहिल्यावर तिसऱ्यांदा लिहायची लाज वाटली. समोरच्याने आधीच्या फेरीत किती लावले होते, त्याच्याकडे एकूण किती चिप्स आहेत, तो याआधी असा वागला होता का, हे मला आठवतच नव्हते, कारण आजवर मला ते आठवण्याची गरज पडली नव्हती. कोपऱ्यातली पाने पाहिली की भागत असे. आणि ज्या फोल्डला मी पूर्वी नावे ठेवली होती त्यांतले कित्येक डाव पुठ्ठ्याआडून पाहताना मीही पाने टाकली. घरातल्या खुर्चीत बसून, एक पैसाही न लावता, हाताला घाम फुटण्याचे काही कारण नसताना टाकली.

आता जो फोल्ड माझ्या मते खरोखर शंकास्पद आहे त्याकडे येते. २००६ चा मेन इव्हेंट, ८,७७३ स्पर्धक, पहिले बक्षीस १ कोटी २० लाख डॉलर. तीन जण उरले होते: जेमी गोल्ड, पॉल वासिका आणि मायकेल बिंगर. गोल्ड यांच्याकडे उरलेल्या दोघांच्या मिळून होतील त्याहून कितीतरी जास्त चिप्स होते आणि ते सतत बोलत, डिवचत, मोठ्या रकमा लावत साऱ्या टेबलावर स्वार झाले होते. दुसरे बक्षीस ६१ लाख २ हजार ४९९ डॉलरचे आणि तिसरे ४१ लाख २३ हजार ३१० डॉलरचे, म्हणजे या दोन पायऱ्यांमधला फरकच जवळजवळ २० लाख डॉलरचा होता. वासिका यांच्या हातात इस्पिकची अठ्ठी आणि इस्पिकची सत्ती होती. टेबलावर किलवरची दश्शी, इस्पिकची छक्की आणि इस्पिकची पंजी आली. पोकर खेळणाऱ्याला याहून आकर्षक अपुरा हात क्वचितच मिळतो: कोणतेही इस्पिक आले तर फ्लश, कोणतीही नव्वी किंवा चौकी आली तर सीक्वेन्स, आणि इस्पिकची नव्वी किंवा चौकी आली तर थेट स्ट्रेट फ्लश, म्हणजे एकाच रंगाची ओळीने पाच पाने. बिंगर यांनी बेट केली, गोल्ड यांनी ऑल-इन केले (सगळे पणाला लावले), आणि वासिका यांनी पाने टाकली. बिंगर यांनी कॉल केला. त्यांच्याकडे एक्का-दश्शी होती आणि गोल्ड यांच्याकडे चौकी-तिर्री. चौथे पान सत्ती येऊन गोल्ड यांचा सीक्वेन्स पूर्ण झाला, आणि पाचवे पान आले इस्पिकची राणी, जिने वासिका यांचा फ्लश झाला असता. बिंगर बाहेर पडले, वासिका दुसऱ्या बक्षिसावर पोचले आणि थोड्याच वेळात गोल्ड विजेते झाले.

हा डाव सांगताना प्रत्येक जण शेवटी इस्पिकच्या राणीवर येऊन थांबतो, जणू तीच पुरावा आहे. ती पुरावा नाही. तिच्या जागी चौकटची राणी आली असती तर हाच फोल्ड २० लाख डॉलर कमावून देणारा संयम म्हणून वाखाणला गेला असता, आणि वासिका यांचा निर्णय तर दोन्ही वेळी तोच होता. राणी बाजूला ठेवून हिशेब करावा. त्यांना स्वतःची दोन आणि टेबलावरची तीन अशी पाच पाने दिसत होती. न दिसणारी ४७. त्यांत ९ इस्पिक आणि इतर रंगांच्या ३ नव्व्या व ३ चौक्या, अशी १५ पाने त्यांचा हात पूर्ण करणारी होती. आणखी दोन पाने यायची असताना या पंधरांपैकी किमान एक येण्याची शक्यता ५४ टक्के भरते. समोर कुणाकडे याहून मोठ्या इस्पिकांचा हात असेल तर यातला बराचसा आकडा फुकट जातो, ही भीती खरी होती आणि ती हिशेबात धरायलाच हवी.

दुसरी बाजू बक्षिसांची, आणि दूरदर्शनचा प्रेक्षक नेमकी तीच विसरतो. स्पर्धेत चिप्स दुप्पट झाले म्हणून पैसे दुप्पट होत नाहीत. समजा तिघांकडे अगदी सारखे चिप्स असते, तर वरची तीन बक्षिसे समान वाटून प्रत्येकाच्या जागेची किंमत सरासरी ७४ लाख डॉलर धरता आली असती. त्यांतल्या एकाने दुसऱ्याविरुद्ध सर्व काही लावून डाव जिंकला, तर त्याच्याकडे दोन तृतीयांश चिप्स येतात आणि किंमत होते साधारण १ कोटी डॉलर. हरला तर हातात राहतात ४१ लाख. मिळकत २६ लाखांची आणि नुकसान ३३ लाखांचे. म्हणजे निव्वळ चिप्सच्या हिशेबाने जिथे ५० टक्के खात्री पुरते, तिथे पैशांच्या हिशेबाने जवळजवळ ५६ टक्के लागते. या पद्धतीला इंडिपेंडंट चिप मॉडेल म्हणतात आणि आज कोणताही गंभीर खेळाडू फायनल टेबलावर बसण्याआधी तिचा अभ्यास करून येतो. फायनल टेबलावर पाने टाकणारा माणूस अनेकदा या ५० आणि ५६ मधल्या अंतरात उभा असतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते अंतर दिसतच नाही. वासिका यांच्या बाजूने तर आणखी एक गोष्ट होती: ते गप्प बसले आणि गोल्ड यांनी बिंगर यांना बाहेर काढले, तर दुसरे बक्षीस एक चिपही न लावता त्यांच्या पदरात पडणार होते. झालेही तसेच.

एवढे सगळे मान्य करूनही माझे मत कॉलच्या बाजूने झुकते, आणि ते का हे सांगितले पाहिजे. वर दिलेले गणित दोघांतल्या डावाचे आणि समान चिप्सचे आहे. वासिका यांच्या डावात पॉटमध्ये तिसऱ्याचे चिप्सही येणार होते, म्हणजे लावलेल्या प्रत्येक चिपमागे मिळणारा मोबदला जास्त होता. शिवाय गोल्ड एवढे पुढे होते, की या डावातून बाजूला राहून दुसरे बक्षीस पक्के झाले तरी पुढे पहिल्या बक्षिसाची आशा अगदी क्षीण उरणार होती. १ कोटी २० लाखांपर्यंत पोचण्याची वाट अशाच एखाद्या डावातून जात होती आणि याहून चांगला अपुरा हात पुन्हा मिळेल याची काही शाश्वती नव्हती. गोल्ड कसल्याही पानांवर सगळे लावू शकतात हे तोवर साऱ्या टेबलाला कळून चुकले होते, त्यामुळे त्यांच्याकडे मोठे इस्पिकच असणार असे मानायला आधार कमी होता. म्हणून मला हा फोल्ड शंकास्पद वाटतो. 'शंकास्पद' हा शब्द मी जपून वापरते आहे. याला मूर्खपणा म्हणणाऱ्याने आपला हिशेब कागदावर मांडून दाखवावा, असे माझे त्याला आग्रहाचे सांगणे आहे.

पाने कधीच उघड झाली नाहीत तर काय होते, याचेही एक उदाहरण आहे, जरी ते फायनल टेबलावरचे नाही. २०१२ साली १० लाख डॉलर प्रवेशशुल्काच्या 'बिग वन फॉर वन ड्रॉप' या स्पर्धेत मिखाइल स्मिर्नोव्ह या खेळाडूने चार अठ्ठ्यांचा हात झालेला असताना फोल्ड केले. टेबलावर इस्पिकची पाने अशी पडली होती की समोरच्या जॉन मॉर्गन यांच्याकडे स्ट्रेट फ्लश असणे शक्य होते, आणि तेवढ्या एकाच शक्यतेवर विश्वास ठेवून स्मिर्नोव्ह यांनी चार अठ्ठ्या टाकल्या. मॉर्गन यांनी आपली पाने टेबलावर दाखवली नाहीत. त्यामुळे या डावावर वाद घालणाऱ्यांना मॉर्गन यांचा स्वभाव, त्यांच्या खेळण्याची रीत, लावलेली रक्कम आणि पानांच्या शक्यता यांच्याच आधारे बोलावे लागले. खरे तर प्रत्येक फोल्डची चर्चा अशीच व्हायला हवी.

उलट बाजूही पाहावी. २०१७ च्या मेन इव्हेंटमध्ये इंग्लंडच्या ब्रिडलिंग्टन गावचे जॉन हेस्प हे हौशी गृहस्थ फायनल टेबलावर चिप्सच्या क्रमाने दुसरे होते. एक्का-दश्शीवर त्यांच्या दोन जोड्या झाल्या आणि त्यांनी स्कॉट ब्लूमस्टीन यांच्याविरुद्ध प्रचंड पॉट खेळला. ब्लूमस्टीन यांच्याकडे तीन एक्के होते. हेस्प शेवटी चौथे आले, ब्लूमस्टीन विजेते झाले. तेव्हा लोक म्हणाले की त्यांनी पाने टाकायला हवी होती. म्हणजे पाने टाकली तर घाबरट, नाही टाकली तर अविचारी. २०१८ साली दहा जण उरलेले असताना निकोलस मॅनियन यांच्याकडे दोन एक्के आणि समोर रिच झू व अंत्वान लाबा या दोघांकडेही दोन-दोन राजे आले. तिघांचे चिप्स मधोमध गेले, झू बाहेर पडले आणि लाबा यांच्याकडे जेमतेम काही उरले. फायनल टेबल गाठायला आणखी एकच खेळाडू बाहेर पडायचा असताना दोन राजे टाकावेत का, हा प्रश्न त्या रात्री अनेकांनी विचारला. पण दोन राजे टाकणारा खेळाडू दाखवला असता आणि समोर राण्या निघाल्या असत्या, तर त्याला किती दिवस ऐकावे लागले असते याची कल्पना करवत नाही.

२०२१ च्या शेवटच्या डावाचा प्रसंग तर मी पुन्हा पुन्हा पाहते. कोराय अल्डेमिर यांच्याकडे चौकटची दश्शी-सत्ती, टेबलावर दश्शी, सत्ती, दुर्री, मग राजा, मग नव्वी. जॉर्ज होम्स यांनी शेवटच्या पानावर सगळे लावले. अल्डेमिर यांच्या दोन जोड्या होत्या, पण राजा-दश्शी, राजा-नव्वी, तीन सारखी पाने आणि पूर्ण झालेले किती तरी सीक्वेन्स त्यांना हरवणारे होते. पहिले बक्षीस ८० लाख डॉलर, दुसरे ४३ लाख. ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. डोके खाली, नजर चिप्सवर, मग समोरच्या चेहऱ्यावर, मग पुन्हा खाली. त्यांनी कॉल केला. होम्स यांच्याकडे राजा-राणी होती, एकच जोडी, आणि स्पर्धा तिथे संपली. पडद्यावर टक्केवारी पाहणाऱ्याला ती मिनिटे कंटाळवाणी वाटतात. पुठ्ठा लावून पाहिले की त्यांतले प्रत्येक मिनिट न्याय्य वाटते, आणि ते फोल्ड करून उठले असते तरी मी त्यांना दोष देऊ शकले नसते.

दडपणाबद्दल थोडे. २००८ ते २०१६ या काळात मेन इव्हेंटचे नऊ जण उन्हाळ्यात ठरत आणि फायनल टेबल महिन्यांनी खेळले जाई. एवढा काळ तो माणूस कोट्यवधींच्या उंबरठ्यावर झोपत आणि उठत असे. २०११ पासून फायनल टेबल काही मिनिटांच्या विलंबाने दाखवले जाऊ लागले, त्यामुळे कठड्यामागे उभ्या मित्रांना थोड्याच वेळात कळते की समोरच्याने ब्लफ केला होता, आणि ते खेळाडूच्याही कानावर येते. आपण फसलो हे पुढचा डाव खेळत असतानाच समजणे आणि ते साऱ्या जगाने पाहिले आहे हेही माहीत असणे, हे ओझे वेगळेच आहे. त्यापायी पुढचा कॉल अनेकदा रागाने केला जातो. २०२४ साली विजेत्याचे समर्थक कठड्यामागे लॅपटॉप घेऊन बसल्यावरून वाद झाला आणि नंतर आयोजकांनी उपकरणांबाबतचे नियम कडक केले, ते योग्यच झाले. निर्णय ज्याचा, त्याने तो एकट्याने घ्यावा, आणि त्याला दोष द्यायचा तर आपणही त्याच्याएवढ्याच माहितीवर तो द्यावा.

म्हणून आपल्याला माझी विनंती आहे. अशा डावाची बातमी छापताना 'जिंकणारी पाने टाकली' एवढ्यावर ती संपवू नये. किती खेळाडू उरले होते, प्रत्येकाकडे किती चिप्स होते, पुढच्या दोन-तीन बक्षिसांत किती फरक होता, कुणी कोणत्या क्रमाने किती लावले, हे चार ओळींत बसते, आणि समोरच्याची पाने त्यानंतरच्या ओळीत यावीत. वाचकाला पाचवी ओळ वाचण्याआधी क्षणभर थांबून स्वतःचे उत्तर ठरवता येईल, एवढीच त्यामागची अपेक्षा आहे. प्रक्षेपण करणाऱ्यांनीही असे गाजणारे डाव एकदा तरी पाने झाकून पुन्हा दाखवावेत. समालोचकांनी आधी आपला निर्णय सांगावा आणि मग पाने उघडावीत. ते होईपर्यंत आमच्या घरातला पुठ्ठा पडद्याच्या कोपऱ्यात तसाच राहील. भाचा आता परगावी असतो, पण मोठा डाव झाला की फोनवर आपला निर्णय आधी सांगतो आणि माझा विचारतो, आणि बऱ्याचदा आमचे दोघांचे पटत नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक